मिथुनच्या नावाचा कोंबडा

कोंबड्याच्या पायाचा काटा नखासारखा दिसतो, पण ते नख नव्हे. आत हाड असतं आणि त्यावर शिंगासारखं टणक टोपण. वयाबरोबर काटा लांबतो, बाक घेतो. टोक एकदा कापलं की पुढची काही वर्षं तो बोथटच राहतो आणि कापलेल्या जागेजवळ फिकट कडं दिसतं. माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेल्या कोंबड्याचा काटा करंगळीच्या पहिल्या पेराएवढा होता. सरळ, टोकाला सुईसारखा. कडं नव्हतं. मी दुसरा पाय वळवून पाहिला. तिथेही नव्हतं.

मिथुनच्या कोंबड्याचे काटे मी स्वतः कापले होते, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या बऱ्याच आधी. हा तो कोंबडा नव्हता.

मी मान वर केली. समोर दिशा बसली होती, माझ्या भावाची, मिथुनची बायको. कोंबड्याचे दोन्ही पाय तिने धरले होते आणि तिचं बोट त्याच्या पायातल्या काळ्या दोऱ्यावर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कापलंस का गो वैशे?" पडवीतून आईने विचारलं.

"कापते," मी म्हणाले.

आणि कापले. हॅकसॉचा तुकडा घेऊन फक्त टोकं, कारण आतलं हाड उघडं पडलं तर रक्त थांबत नाही. कानशीने कडा घासल्या, हळद लावली. डोळ्यांवर फडकं असेपर्यंत कोंबडा मुकाट पडून राहतो. फडकं काढलं तसा तो उभा राहिला, अंग झाडलं आणि जणू काही झालंच नाही अशा दिमाखात खुराड्यात शिरला. तांबूस सोनेरी मान, काळी हिरवी शेपटी. लांबून पाहिलं तर तोच.

कुंपणापलीकडून गिरजाबाईने हाक मारली. आमच्या शेजारणीला आमच्या परसातलं सगळं आधी कळतं.

"वैशाली, रोह्यावरनं येऊन कोंबड्याची नखं कापतंस? कंपनीत काय काम नाय का तुला?"

"सुट्टी आहे, काकी."

"मग वहिनीची पन काप जरा. हमरापूरला जाऊन गणपतीचे डोळे रंगवते, नि तिथं कोनाकोनाचे डोळे तिच्याकडं लागतान!"

"काकी, तुमचे तर कायम आमच्या कुंपनाला लागलेले असतात," दिशा म्हणाली आणि हळदीचे हात धुवायला उठली. गिरजाबाई मनापासून हसली. दिशा हसली नाही.

मिथुन धरमतरच्या खाडीत मालवाहू बार्जवर खलाशी होता. सहा पावसाळ्यांपूर्वी, श्रावणात, ओहोटीच्या जोरात, एका बार्जवरून दुसऱ्यावर पाय टाकताना तो मधल्या पाण्यात गेला. गावातल्या होड्या खाडीच्या तोंडापर्यंत शोधून आल्या. काही मिळालं नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आई तेव्हा रडली नाही. खुराड्यातून एक पिल्लू उचललं, ओच्यात घातलं आणि बांधावर गेली. आमची शेतं खाडीपेक्षा खोल. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून बांध, आणि शेतातलं पाणी बाहेर सोडायला बांधाला दारं. त्या दारांना आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीशेजारी शेंदूर लावलेला दगड आहे. तो आमचा राखणदार. त्याच्यापुढे आईने नवस केला: मिथुन सुखरूप घरी येऊ दे, हा कोंबडा तुला देईन. गावातले जाणते हिरामणकाका गाऱ्हाणं घालायला उभे होते. त्यांनी पिल्लाच्या पायावर पाणी घातलं, दोरा बांधला.

या नवसाची आमच्याकडे रीत आहे. तो मोठ्याने बोलायचा, देवाला आणि माणसांना ऐकू जाईल असा. मनातला चालत नाही. त्या कोंबड्याला कोणी विकत नाही, कापत नाही, पाहुणा आला तरी नाही. आणि मरीत, म्हणजे कोंबड्यांच्या साथीत, किंवा मुंगसाच्या तोंडी तो गेलाच, तर त्याच दिवशी देवापुढे जाऊन तसं सांगायचं, दुसरा कोंबडा ठेवायचा आणि नवस पुन्हा पहिल्यापासून बोलायचा. ज्याने बोलला त्यानेच.

मी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये रंगांचे नमुने तपासते. बार्जवरच्या लोकांकडून वेळ कळली तेव्हा मी त्या दिवशीचं भरतीओहोटीचं कोष्टक पाहिलं होतं. त्यानंतर मला वेगळं काही कळायचं राहिलं नव्हतं. पण आईच्या ओच्यात पिल्लू होतं आणि मी गप्प बसले. पुढे त्या पिल्लाच्या डोळ्यांत लशीचे थेंब घालायला मीच येत राहिले.

आंघोळीच्या मोरीमागे भाताची उडवी रचलेली होती. तिच्या आडोशाला दिशा उभी होती. मी जवळ गेले.

"कधी गेला तो?"

"आई तुमच्याकडे होत्या तेव्हा. ऑपरेशनला." ती पेंढ्याची काडी मोडत राहिली. "मर आली ना ताई, गेल्या उन्हाळ्यात. मी फोनवर सांगितलेलं, कोंबड्या मेल्या म्हणून."

"आणि कोंबडा वाचला म्हणून."

"व्हय."

त्या वेळी मला बरं वाटलं होतं. माझ्या लशीने काम केलं, असं मी लॅबमधल्या मैत्रिणीला सांगितलंही होतं.

"सकाळी खुराडं उघडलं तर मान वाकडी करून पडलेला. मी त्याला पानी पाजलं, ताई. चमच्यानं. दुपारी गेला." तिचा आवाज एका पट्टीत होता. "आई चार दिवसांनी येनार होत्या. डोळ्याला पट्टी, डॉक्टरांनी रडायचं नाय म्हनून सांगितलेलं. मी काय सांगू त्यांना? की तुमचा कोंबडा मेला, चला आता बांधावर, परत पहिल्यापासून बोला?"

"हा कुठून आणलास?"

"जितेशनं आनला."

जितेशचं नाव मी ऐकलेलं होतं. हमरापूरला दिशाच्या माहेराशेजारी मूर्तींचा कारखाना आहे. हंगामात ती वडखळवरून गाडी बदलून तिथे रंगकामाला जाते, आणि तो तिथे साच्याचं काम करतो. त्याची बायको बाळंतपणात गेलेली.

"मी फक्त विचारलेलं, असा तांबडा, काळ्या शेपटीचा कुठं मिळंल का. कशाला ते पन सांगितलं. तो काय बोलला नाय. दोन दिवस गावंगावं हिंडला, नि गाडीला डालगं बांधून घेऊन आला. दोरा मी जुन्याचाच सोडवून बांधला." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "बघा ना ताई. माझा नवरा परत यावा म्हनून त्यानं कोंबडा आनून दिला. आनि आता यंदा गणपती झाल्यावर मला विचारलं."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? आईंचा कोंबडा हाय तोवर मी कुठं जाऊ? मी गेले तर त्या कोंबड्याला अर्थ काय राहिला?"

वटपौर्णिमेला गावातल्या बायका आमच्या दारावरून जाताना पाय हळू टाकतात. हिला हाक मारावी की मारू नये, कोणालाच ठरवता येत नाही. म्हणून दरवर्षी त्या दिवशी दिशाला ताप येतो. बांगड्या आहेत, मंगळसूत्र आहे, कुंकू आहे आणि ताप आहे.

"ताई, एक विचारू? तुम्ही शिकलेल्या हाव म्हनून विचारते. हसू नका."

"विचार."

"तो मेला त्या दिवशी मी देवाला जाऊन सांगितलं नाय. लपवलं. तेव्हापर्यंत मिथुन..." ती इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं. "तेव्हापर्यंत तो कुठं असला जिवंत, नि माझ्या लपवन्यामुळं..."

"नाही," मी म्हणाले. "दिशा, नाही. कोंबड्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. तू लपवलंस त्याच्या कितीतरी आधी..."

वाक्य तिथेच अडलं. पुढचा शब्द मला माहीत होता. एवढ्या वर्षांत मी तो एकदाही उच्चारला नव्हता, आणि आताही तो आला नाही. दिशाने वाट पाहिली. मग तिने हातातली मोडलेली काडी टाकून दिली.

"तुम्हालापन बोलता येत नाय," ती म्हणाली. रागावून नाही. फक्त कळल्यासारखी.

ती रात्र मी तिथेच राहिले. जेवताना आईने दिशाच्या ताटात मासळीचा मधला तुकडा घातला आणि दिशाने तो हळूच परत आईच्या ताटात सरकवला. दोघींची ही रोजची भांडणं होती. आई म्हणाली, "मना दात नायत, तू खा." दिशा म्हणाली, "डोळे नवे आलेत ना, काटे दिसतील तुम्हाला." मी भात कालवत राहिले. उठताना ठरवलं, सकाळी आईला सांगायचं.

सकाळी जाग आली तेव्हा कोंबडा आरवून गेला होता. परसात आई खुराड्याची फळी काढत होती. आधी कोंबड्या बाहेर पडल्या, मग तो. आईच्या मुठीत नव्या भाताचे दाणे होते. दरवर्षी झोडणी झाली की पहिली मूठ या कोंबड्याची, मग आमची. त्याने एक दाणा उचलला, चोचीत नाचवून खाली टाकला आणि घशातल्या घशात कोंबड्यांना बोलावलं. दोघीतिघी धावत आल्या. कोंबडा चांगला असला की आधी खायला घालतो, मग खातो.

"हा चांगला हाय सोभावानं," आई म्हणाली. "तो आधीचा एक नंबरचा आडदांड होता. कोंबड्यांच्या पाठी सोलायचा."

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"काय बघतंस? मना काय म्हाईत नाय वाटला?" ती खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवून. "डोळ्याची पट्टी काढून घरी आलू, नि पहिला तोच समोर आला. आरं, म्हटलं, सगला कसा साफ दिसतंय. कोंबड्याच्या पायाची खवलं पन दिसतान. मग दिसला का हा पाय कोवला हाय. म्हातारा कोंबडा कसा होईल कोवला?"

"तेव्हापासून तुला माहीत आहे?"

"तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

आईने मूठ उघडली आणि उरलेले दाणे कोंबड्यापुढे सोडले.

"तिनं माझ्यासाठी केलान. ती पोर खुराड्याजवल उभी होती, पदराला हात पुसत, माझ्या तोंडाकडं बघत. मना वाटला, बोललू तर ती तिथंच बसंल खाली. म्हून बोललू, बरा पोसलास गो कोंबडा." पायाशी आलेली एक कोंबडी तिने हाताने बाजूला सारली. "नि दुसरा सांगते. कोंबडा मेला असा कबूल केला तर बांधावर जावा लागला असता. परत बोलावा लागला असता, माझा मिथुन येऊ दे. मी रातचे बोलून बघितला, आथरुणात, मनातल्या मनात. तोंडातशी आला नाय, वैशे. पहिल्या वेलंला कसा आला होता, आवाज बांधाच्या पार. आता नाय आला. तवाच मना कलला."

"काय कळलं?"

"का मी पन वाट बघत नाय."

शेजारच्या घरी कोणीतरी पंप सुरू केला. त्या आवाजाच्या आड आई पुढे बोलू लागली.

"गिरजीनं सांगितला मना, हमरापूरच्या मानसानं दिशाला विचारला नि हिनं नाय म्हटला. गिरजीच्या पोटात काय राहते? मना वाटला, ही माझ्यासाठी बसली. नि मी हिच्यासाठी हा परका कोंबडा पोसते. त्याला नवा भात घालते. असा किती वरीस चालवायचा?" ती माझ्याकडे पाहून थोडी हसली. "म्हून तुला फोन केलू, काटं कापायला ये. तुझा हात लागला का तुला कलनार. तू बारकी व्हतीस तवापासून तुझा असाच, सगला मोजून बघायचा."

"मला सरळ सांगायचं होतंस ना, आई."

"सांगायला तोंड पायजे," आई म्हणाली. "जा, हिरामणला सांग, बांधावर ये म्हना."

ओहोटी होती. उघाडीतून शेताचं उरलंसुरलं पाणी खाडीत जात होतं आणि चिखलावर बगळे उतरले होते. हिरामणकाका आमच्या आधीच पोचले होते, दगडाला पाणी घालून, फूल वाहून, डोक्याला रुमाल बांधून. आई पुढे, मी तिच्यामागे. दिशाच्या काखेत कोंबडा. एका हाताने तिने त्याचे पंख अंगाशी धरले होते, दुसऱ्या हाताच्या बोटांत त्याचे पाय. कोंबडा शांत होता. धरायची रीत तिला मिथुननेच शिकवली होती, लग्न होऊन आली त्या महिन्यात. ती त्या दिवशी किती ओरडली होती आणि तो किती हसला होता, हे मला अचानक आठवलं.

घरून निघताना आईने दिशाला फक्त "कोंबडा घे" एवढंच सांगितलं होतं. मर, बदललेला कोंबडा, कशाचाही उल्लेख केला नव्हता.

"आई," ती बांधावर चढताना म्हणाली, "मला एक सांगायचं हाय, देवापुढं जायच्या आधी. हा कोंबडा..."

"मना म्हाईत हाय."

दिशा थांबली. कोंबड्याने मान उंच करून इकडेतिकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"चल गो पुढं. हिरामण उन्हात उभा हाय."

हिरामणकाकांनी कोंबड्याकडे पाहिलं, मग आईला नावाने हाक मारून विचारलं. "काय करायचा हाय पुतले? पोरगा तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "नवस फेडायचा म्हनजे मागितलेला मिलायला लागते. तसा काय झाला का?"

"नाय."

"मग नवस मोकला करून मागायचा?"

"व्हय."

"मंग तुझ्याच तोंडानं बोलावा लागल. बांधताना तू बोललीस, सोडताना पन तूच. मी नुसता हुंकार देईन. नि मोठ्यानं, हा. मनातला चालायचा नाय."

"म्हाईत हाय मना," आई म्हणाली. "तुझ्या बापाच्या वेलंपासून ऐकते."

काकांच्या ओठांवर किंचित हसू आलं आणि गेलं. त्यांनी हात जोडले. आईने पदर डोक्यावर घेतला. ती दगडासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडातून काहीच बाहेर आलं नाही. उघाडीच्या फळ्यांमधून पाणी गळत होतं. लांब धरमतरच्या बाजूला एक बार्ज सावकाश सरकत होती. आईचे ओठ हलले, मिटले. हिरामणकाका थांबले. त्यांना घाई नव्हती.

मला वाटलं आपण बोलावं. मी पुढेही झाले. आईने मागे न बघता हात आडवा केला आणि मला थांबवलं.

मग तिने मागे वळून दिशाला पुढे ओढलं, आपल्या बाजूला उभं केलं. कोंबड्याच्या पायातला दोरा तिने दोन्ही हातांनी धरला. गाठ जुनी, घट्ट झालेली. तिने ती दातांनी सोडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझ्या पिशवीत कात्री होती. मी ती पुढे केली. आईने दोरा कापला. तो तिने दगडावर ठेवला आणि हात तसाच दगडावर राहू दिला.

"आई, नको," दिशा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात गुंतलेले होते, कोंबडा सोडता येत नव्हता. "नको ना आई. राहू दे. मी काय मागितलं नाय तुमच्याकडं."

"देवा म्हाराजा," आई म्हणाली. आवाज फाटला. ती थांबली, घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली, अशा आवाजात, की उघाडीपलीकडे चिखलात खेकडे धरणाऱ्या दोन बायका ताठ उभ्या राहून पाहू लागल्या.

"देवा म्हाराजा, मी पुतली. माझा मिथुन जेला. तो खाडीत जेला नि तो आता यायचा नाय. मी त्याची वाट बघायची सोडली. ही दिशा, माझी सून, आजपासून माझी लेक. तिला मी मोकली केली, ती हमरापूरला जानार हाय, नि तिच्या वाटंला कोनी आडवा यायचा नाय, मी पन नाय."

"व्हय म्हाराजा," हिरामणकाका म्हणाले.